क्लचखालची वायर

"हॅलो?… हॅलो, राणी? हौ, बोल, ऐकू येतंय… स्पीकरवरच ठेवलाय गं, हात कुठे मोकळे आहेत माझे?… गाडीत… नाही, बसलेली नाही, पडलेली आहे. डोकं स्टीअरिंगखाली, पाय दाराबाहेर… हस. हस तू. पुण्यात पंख्याखाली बसून हसायला तुझं काय जातंय?"

फोन सीटवर होता आणि शिल्पा सीटच्या खाली. स्टीअरिंगखालचं झाकण तिने सकाळीच काढून ठेवलं होतं, त्याचे स्क्रू हरवू नयेत म्हणून चिनूच्या भाताच्या वाटीत टाकले होते, आणि आता तिच्या तोंडावर वायरींचा अख्खा जुडगा लोंबत होता. कॉलेजात तिने इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं. चिनू झाला आणि नोकरी सुटली, पण मीटर हातात धरला की बोटांना अजून सगळं आठवायचं. राणीचं, तिच्या धाकट्या बहिणीचं, तर पोटच वायरींवर चालायचं. मोटारींच्या वायरी बांधतात अशा चाकणच्या एका कारखान्यात ती होती. सकाळपासून शिल्पा तिला फोन लावत होती, तेव्हा आत्ता कुठे तिचा उलटा फोन आला होता.

"नाही गं, दुकानात नाही दिली. मामंजी देतील तर ना! 'माझी गाडी परक्याच्या हातात रात्रभर नाही राहायची'… हौ, हेडमास्तरच ते, रिटायर झाले म्हणून काय झालं… तुझे दाजी? तुझे गिरीशदाजी वर मीटिंगवर आहेत, शनिवार असून. आणि ते असून काय उपयोग, त्यांना घरातला फ्यूज कुठे आहे ते माहीत नाही… बरं, ते सोड. ऐक ना. परवा शाळा सुरू होतेय. परवा! आज हे बसलं नाही तर संपलं."

संपलं म्हणजे काय, ते राणीला समजावून सांगावं लागत नव्हतं. चिनूला, म्हणजे चिन्मयला, घामच येत नव्हता. जन्मतःच त्याच्या अंगात घामाच्या ग्रंथी नव्हत्या. बाकीची पोरं उन्हात खेळतात, लाल होतात, घामाघूम होतात आणि सावलीत बसली की निवतात. चिनू निवत नसे. तो तापत जाई, डोळे जड होत, मान कलंडे. त्याला बाहेरूनच भिजवावं लागे. ओलं बनियन, फवाऱ्याची बाटली, ओला टॉवेल, असा सगळा संसार बरोबर घेऊन शिल्पा बाहेर पडे आणि सारखं त्याच्या कपाळाला हात लावून बघे.

नारायणगुड्याच्या एका प्ले स्कूलने त्याला घ्यायचं कबूल केलं होतं. वर्गात एसी होता, बाई समजूतदार होत्या. अडचण होती ती येण्याजाण्याची. दुपारी शाळा सुटणार, गाडी गल्लीत उन्हात उभी असणार आणि शिल्पा एकटी. पोराला काखेत घेऊन त्या भट्टीत शिरायचं कसं? याच मुद्द्यावर सासऱ्यांनी, वसंतरावांनी, शाळेला मोडता घातला होता. जन्मभर दुसऱ्यांची मुलं शिकवली, एक नातू घरी शिकवायला मला जड आहे का, असं त्यांचं म्हणणं. खूप वादावादी झाली. शेवटी शिल्पा म्हणाली होती, शाळेच्या आतून गाडी गार करून दाखवते, मग पाठवाल? आणि ते म्हणाले होते, दाखव.

तेव्हा ही रिमोटची पेटी घरात आली. लांबून बटण दाबायचं, गाडी आपली आपण सुरू होणार, एसी लागणार, आणि मायलेक गारव्यात येऊन बसणार.

"ऑटोने कसं नेऊ? ऑटोत गरम झळा लागतात नुसत्या. जून लागला तरी इथे अजून अंगार आहे… चल, सुरू कर. वेळ नाहीये. ऊन इकडे सरकतंय… तक्ता आहे ना माझ्याकडे, नेटवरून काढलाय. त्यात लिहिलंय, सेल्फची वायर काळी-पिवळी. आणि इथे काळ्या-पिवळ्या दोन आहेत… काय म्हणतेस? मॉडेल तेच आहे गं… साल वेगळं असेल, हां… बरं बाई. बरं. तक्ता टाकला चुरगाळून. रंगावर नाही जात, मीटरवर जाते. झालं समाधान?… नाही, त्या पिवळ्या नळीतल्या वायरींना हात नाही लावला. एअरबॅगच्या ना? माहीत आहे मला. त्यांच्याकडे बघत पण नाहीये."

तिने मीटरची काळी क्लिप पेडलच्या मागच्या उघड्या लोखंडाला अडकवली. लाल टोक हातात घेतलं. वायरी एकेक करून वेगळ्या करताना तिला चिनूच्या डोक्यावरचे केस आठवले. तेही असेच मोजके, विरळ, बोटांनी बाजूला करता येतील असे.

"किल्ली काढलेली आहे. ही जाडी पांढरी… आली. बारा पॉइंट सहा. किल्ली नसताना पण जिवंत, म्हणजे ही बॅटरीची, कायमची… एक झाली. हिच्यावर टेप लावते, खुणेला… आता किल्ली ऑन करते. निळी आली. तपकिरी पण आली. दोघी आल्या गं, कशी ओळखू?… हां. सेल्फ मारताना जी मरते ती रेडिओची, जी टिकते ती इग्निशनची. हौ, आठवलं. पण ऐक ना, या गाडीत क्लच दाबल्याशिवाय सेल्फच लागत नाही… हाताने? थांब, हाताने दाबून बघते… अय्यो, काय घट्ट आहे गं! पायाला कधी कळलं नाही."

डाव्या कोपराने क्लच दाबून धरायचा, उजवा हात वर करून चाचपडत किल्ली फिरवायची आणि मान वाकडी करून छातीवरच्या मीटरकडे बघायचं, अशी तिची कसरत चालली होती. इंजिन लागायच्या आत तिने किल्ली सोडली.

"निळी टिकली! तपकिरी गेली शून्यावर… मग आता ब्लोअरची कुठली? राणी, मला ब्लोअरच पाहिजे गं. इंजिन सुरू झालं आणि गार हवाच आली नाही, तर काय बसून गाणी ऐकायची?… दुसरी इग्निशन? ती कशी शोधू?… किल्ली पहिल्या खाचेवर असताना मेलेली, दुसऱ्या खाचेवर जिवंत. आणि सेल्फच्या वेळी परत मरते… थांब, घाई करू नको. तू तिकडे काय खातेयस? कुरुमकुरुम आवाज येतोय… चिवडा! माझ्या कानात चिवडा खातेय. इथे मी ढेकणासारखी पडलीय… हिरवी! हिरवी आहे. पहिल्यावर नाही, दुसऱ्यावर आहे. मिळाली गं बाई. मिळाली!"

एवढ्यात दाराबाहेरच्या तिच्या पायांपाशी कोणीतरी येऊन थांबलं. चपला ओळखीच्या होत्या.

"इंदुताई?… नाही, बिघडली नाही गाडी. नाही, मेकॅनिकला नका बोलावू… मीच करतेय. हो. हो, येतं मला थोडंफार… चिनू बरा आहे, वर आजोबांजवळ आहे… नाही, आज टबात नाही बसवला, ते म्हणाले आज अक्षरं गिरवून घेतो… हो, सांगते." चपला गेल्या. "दुसऱ्या मजल्यावरच्या इंदुताई होत्या. म्हणतात, गाडीखाली बाई बघून जीव दडपला… हो ना, मग? त्यांना वाटलं असेल सासूशिवायच्या घरात सासऱ्याने सुनेला पार मेकॅनिक करून टाकलं."

बरकतपुऱ्यातल्या त्या इमारतीत छपराखालच्या जागा जुन्या लोकांनी केव्हाच घेतल्या होत्या. वसंतरावांच्या गाडीला मिळाली होती ती उघड्यावरची, कुंपणाच्या भिंतीकडे तोंड करून. गाडीचं नाक आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एका माणसाची जागा होती. तिथे नळ होता आणि सकाळभर भिंतीची गडद सावली असायची. उन्हाळ्यात चिनूचा निळा टब तिथेच असे. टबात पाणी, पाण्यात चिनू, आणि शेजारी स्टुलावर पेपर घेऊन आजोबा. आज टब रिकामाच पडला होता.

"हं, आता सेल्फची. दोन्ही काळ्या-पिवळ्या बघते… पहिली, काही नाही. सेल्फ मारते, परत काही नाही. ही नव्हे… दुसरी… सेल्फ मारला की बारा, सोडला की शून्य. हीच! बघ, दोघी जुळ्या, आणि एक नुसती दिव्याची निघाली. तक्त्यावर गेले असते तर दिव्यालाच सेल्फ जोडून ठेवला असता… हौ, हौ, तू म्हणालीस म्हणून. तुझे उपकार. लग्नात चांगली साडी देईन… बरं, नाही काढत लग्नाचा विषय. आता एकच राहिली ना? क्लचची."

क्लचच्या पेडलच्या दांड्यावर, अगदी वर, एक बारकं बटण बसवलेलं होतं. त्यातून दोन वायरी निघत होत्या. पेडल पुरता दाबला की त्या आतल्या आत जुळत आणि मगच गाडी सुरू व्हायला राजी होई.

"दिसली. दोन वायरी आहेत… म्हणजे पेटीने सुरू करताना गाडीला असं वाटायला पाहिजे की पाय दाबलेला आहे… कळलं गं, मुद्दाम जुळवून द्यायच्या. माझ्याकडे जोडवायर आहे, दोन्ही टोकांना चिमटे. आधी लावून बघते, किल्लीने सुरू होते का. मग कायमचं करीन… न्यूट्रल? हो गं, असणारच… हो हो, बघितलं. तू ना, अगदी आईसारखी. लावला चिमटा. आता क्लचला हात न लावता किल्ली फिरवते हं, ऐक तू…"

गाडीने उडी मारली.

आवाज मोठा नव्हता. आधी सेल्फचा घरघराट, मग एक हिसका, मग काहीतरी चुरमडल्याचा कडकडाट. शिल्पाची पाठ उंबऱ्यावरून घासली गेली, पाय फरशीवरून फरफटले, फोन सीटवरून घसरून ब्रेकपाशी आला. किल्ली तिच्या हातून आपोआप सुटली होती. इंजिन लागलं नव्हतं. गाडी भिंतीपाशी टेकून, नाक खुपसून उभी होती.

"आहे… मी आहे. ओरडू नको… नाही, मला काही नाही झालं. गुडघा खरचटलाय. राणी, थांब जरा. काही बोलू नकोस. एक मिनिट."

ती सरपटत बाहेर आली आणि गाडीच्या पुढे गेली. टब भिंत आणि बंपर यांच्यामध्ये सापडून उभाच्या उभा दुमडला होता. निळ्या प्लास्टिकला पांढऱ्या भेगा पडल्या होत्या. स्टूल आडवं झालं होतं. तिने वर गॅलरीकडे बघितलं. दोरीवर चिनूचं ओलं बनियन होतं आणि आतून मामंजींचा मोठ्यांदा शिकवण्याचा आवाज येत होता. ती तशीच वर बघत उभी राहिली. मग फोन उचलून आणला.

"हॅलो… टब गेला. चिनूचा टब… नाही, चिनू वर आहे! आजोबांपाशी. सांगितलं ना मघाशी… माहीत आहे मला वर आहे. तरी वर बघितल्याशिवाय राहवलं नाही… गिअरमध्ये होती. पहिल्या… मी बघितलंच नव्हतं, राणी. तू विचारलंस आणि मी बघितलं म्हणून सांगितलं… नाही गं, तुझी काय चूक? तू तर विचारलंस."

ती दाराच्या उंबऱ्यावर बसली. पत्रा तापला होता, तरी बसली.

"काल संध्याकाळी ते बेगम बाजारला गेले होते. हळकुंडं, चिंच आणायला. आल्यावर त्यांनीच लावली… हो, ते कायम अशीच लावतात. गिअर टाकायचा आणि उतरायचं. हँडब्रेक ओढतच नाहीत. त्यांच्या पहिल्या गाडीचा हँडब्रेक एकदा ओढला तो जाम झाला, सुटेचना, तेव्हापासून त्यांनी त्याचं नावच टाकलंय. म्हणतात, गिअरमधली गाडी जागची हलत नाही. खरंच आहे ना ते. कधी हललीच नाही आजपर्यंत. क्लच दाबून सुरू करायची, पाय असतोच तिथे, मग गिअर असला काय नि नसला काय… मी चालवते तेव्हा न्यूट्रल करून हँडब्रेक ओढते. दोघांच्या दोन तऱ्हा. कधी कोणाला सांगायची वेळच नाही आली."

राणी पलीकडून काहीतरी भराभर सुचवत होती. शिल्पा ऐकत होती, मान हलवत होती, आणि तिची नजर पेडलपाशी लोंबणाऱ्या त्या जोडवायरीवर होती. दोन छोटे लाल चिमटे.

"हँडब्रेकची वायर आहे पेटीला, हो. हँडब्रेक वर असला तरच सुरू होते. पण हँडब्रेक वर असला म्हणजे गिअर नसेलच, हे पेटीला कोणी सांगितलं? ती बिचारी तेवढंच बघणार… दाराची? ती सोय असते गं महागातल्या पेट्यांमध्ये. म्हणजे आधी न्यूट्रल करून, गाडी चालूच ठेवून उतरायचं, मग पेटी बंद करते, आणि नंतर कोणी दार उघडलं तर पुढच्या वेळी सुरूच करत नाही. वाचलंय मी. यात नाही ते. मी बघूनच… नाही, तेव्हा नाही बघितलं मी. तेव्हा नुसतं 'एसी चालतो' एवढंच बघितलं."

तिने वाकून एका चिमट्याला बोट लावलं.

"राणी, मला एक सांग. गाडी बनवणाऱ्यांनी ही वायर कशाला ठेवली असेल इथे? चार पैसे वाचले असते त्यांचे… तेच म्हणतेय मी. गाडी दर वेळी विचारते, की बाई, तू आहेस का? तुझा पाय आहे का इथे? आणि मी सकाळपासून इथे पडून काय करतेय, तर पाय नसताना 'आहे' म्हणायला तिला शिकवतेय… तत्त्वज्ञान नाही गं! टब बघ तू एकदा, म्हणजे कळेल. फोटो पाठवते. नको, नाही पाठवत. झोप नाही लागणार तुला… सगळे जण लक्षात ठेवतील, म्हणतेस. मी ठेवीन? आत्ता तू विचारलंस तर मी मान न वळवता हो म्हटलं. आणि परवा तर मी शाळेच्या आत असणार, गाडी गल्लीत. तिच्यापुढे कोण उभं आहे, कोणाचं पोर चेंडू आणायला वाकलंय, मला काय दिसणार? मी बटण दाबणार आणि खूश होणार, की माझ्या पोरासाठी गार होतेय."

जिन्यावरून पावलं आली. वसंतराव चष्मा हातात धरून, अनवाणीच खाली उतरले होते. गाडी जागेवरून हललेली त्यांना लांबूनच दिसली असावी.

"मामंजी आले. थांब, ठेवू नको… काही नाही मामंजी, मला नाही लागलं. चिनू कुठाय?… गिरीशजवळ? बरं… हो. मीच. मी सेल्फ मारला आणि…"

ते पुढे गेले. टबाजवळ वाकले. एका हाताने तो सोडवायला बघितला, सुटला नाही. मग मागे येऊन, दारातून आत हात घालून, त्यांनी गिअरचा दांडा धरला आणि हलवून बघितला. तो पहिल्यातच होता. त्यांनी तो हातात तसाच धरून ठेवला. रोज सकाळी ते त्या स्टुलावर बसायचे आणि त्यांची गाडी, त्यांनीच गिअरमध्ये टाकलेली, पाठीशी उभी असायची. एवढं सगळं एका दांड्यावरून त्यांच्या चेहऱ्यावर आलं. शिल्पाने नजर दुसरीकडे नेली.

"… दांडा धरूनच उभे आहेत गं. हळू बोलतेय, हो… काय मामंजी?… नाही, नाही. तुमचा काय दोष? तुमच्या पद्धतीत गाडी कधीच हलली नसती. मी मध्ये हात घातला म्हणून… नका तसं म्हणू. आजपासून न्यूट्रल करीन म्हणालात तरी मला नाही चालणार. तुम्ही विसराल म्हणून नाही. मी विसरेन. काढूनच टाकते मी हे."

ती परत स्टीअरिंगखाली शिरली. या वेळी मात्र आधी दांडा न्यूट्रलला नेला, डोळ्यांनी बघितला, हलवून बघितला आणि हँडब्रेक ओढला. वसंतराव उभे राहून ते सगळं बघत होते.

"हो, काढतेय… चिमटे काढले. क्लचच्या वायरी जशा होत्या तशा आहेत, कापल्या नव्हत्या, बरं झालं. बाकीच्यांना नुसती टेप लावलीय. मीटर ठेवला… शाळा?… काय सांगू, शाळेचं. गाडी गार करून दाखवते म्हणाले होते, नाही दाखवता आली. शब्द माझाच होता… नाही, त्यांच्यावर कशाला चिडू? ते खोटं बोलत नव्हते, ऊन खरंच आहे… बाईंना फोन करीन संध्याकाळी. म्हणीन, पुढच्या वर्षी बघू. त्याला कंपासपेटी पण आणलीय गं, हत्तीची. रोज उघडतो नि बंद करतो… हूं… हूं. घरी शिकेल की. शिकवतात चांगलं. आत्ता पण 'क' गिरवून घेत होते, आवाज खालपर्यंत येत होता. पण वर्गात दुसरी पोरं असतात, राणी. त्याने अजून कोणाचं खेळणं ओढून घेतलेलं नाही, कोणी त्याचं नाही ओढलं. त्याला भांडताच येत नाही."

झाकण लावून ती बाहेर आली, तर वसंतराव हात पुढे करून उभे होते.

"काय मामंजी?… किल्ली? गाडीलाच आहे… आत्ता? आत नका बसू, आत भट्टी झालीय, काचा तरी उतरवा आधी… नाही, हो, सुरू होईल, सगळं पहिल्यासारखं केलंय… राणी, हे गाडीत बसले… काय माहीत. दार ओढून घेतलं. काचा बंद."

गाडी सुरू झाली. पाय क्लचवर ठेवून, रीतसर. अंगुळ-अंगुळ मागे घेऊन त्यांनी ती भिंतीपासून सोडवली, मग थांबले. टब चुरमडलेलाच खाली पडला. काचेतून शिल्पाला दिसलं, त्यांनी गिअर काढला, आणि मग कुरकुरत्या हँडब्रेकला हात घालून तो ताणून वर ओढला. एसीचं बटण फिरवलं. मग हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले, पाठ ताठ, परीक्षेच्या वर्गावर देखरेखीला बसल्यासारखे.

"बसलेत… नाही, कुठे जात नाहीयेत. एसी लावून बसलेत आत. राणी, घाम बघ नुसता, सदरा पाठीला चिकटलाय. कानशिलावरून ओघळ चाललेत. चष्मा काढून पुसतायत… मी काच वाजवली. हाताने 'थांब' म्हणतात… आपलंच खरं करायचं, दुसरं काय! त्यांना वाटत असेल, मी म्हणत होते तेवढी गरम होत नाही… का त्यांना बघायचं असेल, किती गरम होते ते… काय माहीत गं. नवरा कळला नाही अजून, सासरे कुठून कळणार?"

ती उन्हात उभी होती आणि फोन कानाशी धरून काचेकडे बघत होती. काच जराशी खाली आली.

"काय मामंजी?… हो, ऐकतेय… रोज?… दुपारी पण?… शाळेच्या गल्लीत? तिथे एवढा वेळ कुठे बसाल तुम्ही?… नाही, पण तुमचा पेपर, तुमचं जेवण… अहो पण मामंजी, तुम्हीच तर म्हणत होतात… बरं. बरं, नाही काढत ते."

"राणी, ऐकलंस? म्हणतात, मी रोज बरोबर येतो. शाळा सुटायच्या आधी गाडीत जाऊन बसतो, गार करून ठेवतो, तू पोराला आण… हौ, खरंच. म्हणतात, पाय माझा असतो तिथे… मी विचारलं, वर्गात तर नाही ना येणार? तर म्हणतात, बोलावल्याशिवाय कुठल्या वर्गात गेलो नाही मी… हो, हसले ना. ते नाही हसले. मी हसले… आता डॅशबोर्डच्या जाळीवर हात धरून बघतायत… हं?… हो मामंजी, आणते. लगेच आणते… झाली म्हणतात गार. पोराला आणून बसवून बघू म्हणतात, रडतो का ते… ठेवते गं. नाही, नंतर. नंतर बोलू, राणी, दार उघडं धरून काय बोलत बसलीस म्हणतायत, सगळं गार बाहेर जातंय…"